परिपूर्ण कोंबडा

रात्रीचे नऊ वाजून गेले होते. बाहेर लँकेशायरचा न कंटाळणारा पाऊस पडत होता आणि घरामागच्या एका लाकडी खोपटात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ कोंबड्याला आंघोळ घालीत होते.

2013 च्या शरदात सहा आठवड्यांसाठी मी उत्तर इंग्लंडमधील एका धर्मग्रामात बदली धर्मगुरू म्हणून गेलो होतो. रोजच्या मिस्साला नेमाने येणाऱ्या मोजक्या मंडळींपैकी हे एक. उभे आयुष्य कापडगिरणीत काढलेले, विधुर, मितभाषी. एका शुक्रवारी त्यांनी मला घरी बोलावले. चहाचे निमंत्रण असावे अशा समजुतीने मी गेलो, तो ते मला थेट मागच्या खोपटात घेऊन गेले. तेथे ओळीने तीन टोपल्या मांडलेल्या होत्या. पहिलीत साबणाचे कोमट पाणी, दुसरीत किंचित व्हिनेगर घातलेले, तिसरीत केवळ स्वच्छ पाणी. तान्ह्या मुलाला न्हाऊ घालावे तशा हळुवारपणे त्यांनी तो पक्षी एकामागून एक तिन्ही टोपल्यांतून काढला. पायांच्या खवल्यांतील मळ लाकडी दातकोरणीने काढला. केस वाळवण्याच्या यंत्राने पिसे फुलवली. तुऱ्यावर तेलाचे बोट फिरवले आणि अखेरीस रेशमी रुमालाने अंग पुसून त्याला पेंढ्यावर ठेवले.

आमच्या वसईच्या वाडीत मी कोंबड्यांतच वाढलो. डालग्याखाली झाकलेली खुडूक कोंबडी, संध्याकाळी खुराड्याचे दार लावण्यावरून भावंडांत होणारी भांडणे, सणाच्या आदल्या दिवशी आईने अंगणात फिरवलेली हिशेबी नजर, हे सारे मला ठाऊक होते. कोंबड्याचे असे सोपस्कार मात्र मी प्रथमच पाहत होतो. मला हसू आले, ते मी दाबले. त्यांनी ते ओळखले असावे.

"उद्या प्रदर्शन आहे, फादर," ते म्हणाले.

तो जपानी बँटम जातीचा कोंबडा होता. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. अंग शुभ्र, शेपटी काळी आणि डोक्याहूनही उंच उभारलेली. पंखांची टोके जमिनीला टेकलेली. पाय इतके आखूड की तो चालताना पाण्यावर तरंगतो आहे असे वाटावे. पायांचा रंग पिवळा. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार पाळीव कोंबड्यांच्या कातडीचा व पायांचा हा पिवळेपणा तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नाही. तो राखी रानकोंबड्याची देणगी आहे. हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीच्या रानांत आजही आरवतो. म्हणजे साता समुद्रांपलीकडच्या त्या खोपटात आमच्याकडचे काहीतरी त्या पिवळ्या पायांवर उभे होते. हे त्यांना सांगितले, तेव्हा ते प्रथमच मोकळेपणाने हसले.

हा छंद वाटतो तितका जुना नाही. इंग्लंडमध्ये 1835 च्या कायद्याने कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी आली. मोल रक्त सांडून ठरवायचे नाही, तर ते ठरवायचे कसे? उत्तर निघाले : रूपावरून. 1845 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाच्या उद्यानात कोंबड्यांचे पहिले मोठे प्रदर्शन भरले. 1849 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत बोस्टन येथे असेच प्रदर्शन भरले तेव्हा ते पाहण्यास दहा हजारांवर माणसे लोटली. चीनमधून आलेल्या धिप्पाड, पायांवर पिसे असलेल्या कोंबड्यांनी लोकांना वेड लावले आणि एकेका जोडीसाठी अवाच्या सवा किमती मोजल्या जाऊ लागल्या. या व्यापारात हात धुऊन घेणाऱ्या जॉर्ज बर्नहॅम नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1852 मध्ये व्हिक्टोरिया राणीलाही कोंबड्या नजर केल्या, आणि 1855 मध्ये या 'कोंबडीज्वरा'ची टर उडवणारे पुस्तक लिहून पुन्हा पैसे मिळवले. त्या जातीला पुढे 'ब्रह्मा' हे नाव पडले. ते आपल्या ब्रह्मपुत्रेवरून आले. पक्ष्यांचे मूळ मात्र बव्हंशी शांघाय बंदराकडचे. नाव एका नदीचे आणि पिंड दुसऱ्याच देशाचा, हे व्यापाराच्या रीतीला धरूनच झाले.

पुढे बक्षिसांवरून तंटे होऊ लागले आणि लेखी नियमांची गरज पडली. 1865 मध्ये विल्यम टेगेटमायर यांनी लंडनमध्ये प्रत्येक जातीच्या आदर्श रूपाची संहिता प्रसिद्ध केली. 1873 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन संघटनेने दुसऱ्याच वर्षी आपली संहिता काढली. आज त्या अमेरिकन ग्रंथाचे नाव 'परिपूर्णतेचे प्रमाण' असे आहे. तुऱ्याला इतके गुण, शेपटीला इतके, रंगाला इतके, एकूण शंभर. एकेरी तुऱ्याला बाजूने कोंब फुटला, की पक्षी बाद. गुळगुळीत असाव्यात अशा पायांवर एक इवलेसे पीस आढळले, तरी बाद. परीक्षक पिंजऱ्यापुढे उभे राहतात, पक्षी हाती घेतात, पंख उलगडून पाहतात आणि पुढे जातात.

या इतिहासात एक धर्मगुरूही भेटतो, आणि त्याच्याविषयी लिहिण्याचा मोह मला आवरत नाही. रेव्हरंड एडमंड सॉल डिक्सन हे इंग्लंडच्या नॉर्फक परगण्यातील अँग्लिकन पाळक. 1848 मध्ये त्यांनी शोभेच्या व पाळीव कोंबड्यांवर ग्रंथ लिहिला. हरएक जात मुळातच वेगळी आहे, माणसाने ती घडवलेली नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्याशी पत्रव्यवहार असलेल्या चार्ल्स डार्विनला नेमके उलट वाटत होते. टेगेटमायर यांच्या साह्याने त्याने नाना जातींचे संकर केले, हाडे मोजली आणि 1868 च्या ग्रंथात या सगळ्या जाती एकाच रानकोंबड्यापासून उत्पन्न झाल्या असाव्यात असा निष्कर्ष मांडला. डिक्सन चुकले, यात शंका नाही. तरीही स्वतःच्या अंगणातील कोंबडीकडे इतक्या आदराने पाहणारा, तिच्या जातीला सृष्टीच्या आरंभाइतके पुरातन मानणारा तो पाळक मला जवळचा वाटतो.

पिंजऱ्यातल्या कोंबड्याकडे पाहताना मला सेमिनरीतील तत्त्वज्ञानाचा वर्ग आठवला. प्लेटोच्या मते डोळ्यांना दिसणारी प्रत्येक वस्तू ही एका अदृश्य, परिपूर्ण आदर्शाची उणीपुरी नक्कल असते. खरा घोडा तबेल्यात नसतो, तो कल्पनेच्या लोकात असतो. कोंबड्यांचे शौकीन हे शंभर टक्के प्लेटोचे चेले. फरक इतकाच की त्यांचा आदर्श दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये छापलेला मिळतो. ॲरिस्टॉटल मात्र विचारील : या पक्ष्याचे स्वतःचे भले कशात आहे? माती उकरणे, धुळीत लोळणे, झाडावर बसणे, पहाटे आरवणे. कोंबडा कोंबडेपणाने पूर्ण होतो तो यात. शंभर गुणांच्या तक्त्यात यांपैकी एकालाही जागा नाही.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. पांढऱ्या पिसांवर ऊन पडले की ती पिवळसर होतात. म्हणून प्रदर्शनाचे पांढरे पक्षी सावलीत ठेवतात. त्या शुभ्रतेची किंमत त्या पक्ष्याने उन्हात भरलेली असते. ऑर्पिंग्टन ही जात 1886 मध्ये विल्यम कुक नावाच्या एका माजी घोडागाडीवानाने अंडी व मांस दोन्ही मिळावीत म्हणून सिद्ध केली. प्रदर्शनवाल्यांना तिची पिसे आवडली. ती वाढवता वाढवता तिचा पिसांचा गोळा झाला आणि अंडी मागे पडली. काही जातींत तर डौलदार नर आणि डौलदार मादी एकाच जोडीपासून मिळत नाहीत. नरांसाठी एक वंश आणि माद्यांसाठी दुसरा, असे दोन वंश वर्षानुवर्षे निरनिराळे सांभाळावे लागतात. मग ज्याला एक जात म्हणून गौरवावे, अशी ती जात आहे कोठे?

सर्वांत मौजेची गोष्ट निळ्या अँडलूशियन कोंबड्यांची. निळसर राखाडी रंग, प्रत्येक पिसाला गडद किनार, असे त्यांचे आदर्श रूप. पण निळ्या नराची निळ्या मादीशी जोडी लावली तर निम्मीच पिल्ले निळी निपजतात. पाव काळी होतात आणि पाव मळकट पांढरी, शिंतोडे उडाल्यासारखी. पैदासकारांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड केली, तरी हा दोष हटेना. अखेर त्याचे कारण उलगडले ते ब्रनो येथील ऑगस्टीनियन मठात वाटाण्यांची रोपे मोजत बसलेल्या ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूच्या सिद्धान्ताने. 1866 मध्ये छापलेला त्यांचा निबंध 1900 पर्यंत जवळजवळ दुर्लक्षित राहिला. त्यानंतर विल्यम बेटसन यांनी इंग्लंडमध्ये कोंबड्यांवर प्रयोग करून ते नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवले. निळा रंग म्हणजे काळ्याचा एक अंश आणि पांढऱ्याचा एक अंश यांचे एकत्र येणे. तो शुद्ध करताच येणार नाही. आणि सगळीच्या सगळी पिल्ले निळी हवी असतील तर उपाय एकच : बाद ठरलेल्या काळ्याची बाद ठरलेल्या शिंतोडेवालीशी जोडी लावायची. दोन नापासांच्या पोटी सगळी पास. मेंडेल यांना हे पाहायला मिळाले असते, तर ते खुदकन हसले असते असे मला वाटते.

त्या रात्रीचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

पिंजऱ्यावर कापड टाकून ते गृहस्थ स्टुलावर बसले आणि म्हणाले, "फादर, एक हिशेब सांगतो. तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही मला उत्तर द्या." हिशेब असा : आखूड पाय हे या जातीचे भूषण. ज्या गुणसूत्रीय दोषामुळे पाय आखूड होतात, तो एका बाजूने आला तर पक्षी आखूड पायांचा होतो; आई आणि बाप अशा दोन्ही बाजूंनी आला तर जीव अंड्यातच मरतो, बहुधा पहिल्या काही दिवसांतच. म्हणून आखूड पायांच्या नराची आखूड पायांच्या मादीशी जोडी लावली, तर चारांतील एक अंड्यात मरतो, एक लांब पायांचा निपजतो आणि दोन हवे तसे निघतात. अंडी उबवायला घातल्यावर आठवड्याने ती दिव्यासमोर धरून पाहिली, की मेलेल्या अंड्यात एक तांबडे कडे दिसते. "चाळीस वर्षे मी ती कडी पाहतो आहे," ते म्हणाले.

मी म्हणालो, "मग आखूड पायांच्या पक्ष्याची लांब पायांच्या पक्ष्याशी जोडी लावावी. मग कोणी मरणार नाही."

"बरोबर. कोणी मरत नाही. निम्मी आखूड पायांची, निम्मी लांब पायांची. हवी तशी पिल्ले दोन्ही पद्धतींत निम्मीच. पण पहिल्या पद्धतीत नको असलेली पाव डोळे उघडण्याआधीच जातात. दुसरीत ती धडधाकट जन्माला येतात. आईमागे पळतात. मोठी होतात. आणि मग ती कुणालाच नको असतात, फादर. घ्यायला कुणी मिळाले तर ठीक. न मिळाले तर मला त्यांची मान पिरगाळावी लागते. माझ्या हातांनी. आता सांगा, यांतले कमी वाईट कोणते?"

मी सेमिनरीत नीतिशास्त्र शिकलो आहे. काही वर्षे ते शिकवलेही आहे. अहेतुक दुःख आणि हेतुपुरस्सर दुःख, कृती आणि अकृती, सगळी अवजारे माझ्या पेटीत होती. अंड्यातील चौथ्या दिवशीच्या जीवाला वेदना नसावी, म्हणून पहिली पद्धत बरी, असे म्हणता येईल. दुसऱ्या पद्धतीत निदान जगण्याची संधी मिळते, म्हणून ती बरी, असेही म्हणता येईल. पण दोन्ही उत्तरे मला ओठांवर आणवेनात. कारण त्यांचा प्रश्न मरणाविषयी नव्हता.

कोंबडी मारणे यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. नाताळात, पाहुणा आला असता, बाळंतिणीसाठी आपण ती मारतो आणि ताटावर बसण्यापूर्वी परमेश्वराचे आभार मानतो. त्या कोंबडीला आपण मारतो ते ती कोंबडी आहे म्हणून. ती जे आहे, तेच आपल्याला हवे असते. लांब पायांचे ते पिल्लू मरते ते ते काही नाही म्हणून. धडधाकट आहे, खाते-पिते, आरवायला शिकते आहे. उणे एवढेच, की ते दुसरे कोणी नाही. हा फरक पक्ष्याला कळत नाही हे खरे. मारणाऱ्याला कळतो.

आणि हे केवळ छंदिष्टांचे पाप आहे असे मानून आपण हात झटकू नयेत. अंडी देणाऱ्या जातींची नर पिल्ले जगभरच्या उबवणी केंद्रांत पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने 2022 पासून कायद्याने ते थांबवले. आपण आठवड्याला आणतो तो ब्रॉयलरही एका स्पर्धेचेच अपत्य आहे. अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' या नावाने देशव्यापी स्पर्धा झाली आणि 1948 मध्ये डेलावेअर राज्यात तिची अंतिम फेरी भरली. आदर्श कसा असावा हे ठरवण्यासाठी तेथे सोललेल्या कोंबडीचा मेणाचा नमुनाच केला होता. जिंकला तो कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर यांचा संकर. ही कॉर्निश जात इंग्लंडमध्ये आजही 'इंडियन गेम' या नावाने ओळखली जाते, कारण तिच्या मुळाशी आपल्याकडचा झुंजीचा असील कोंबडा आहे. असीलाची ती रुंद छाती आज पाच-सहा आठवड्यांत दोन किलो भरते आणि पायांना तिचा भार पेलवत नाही. तेथे कोणी कोंबडीला रेशमी रुमालाने पुसत नाही. तेथे तिला नावही नाही.

म्हणूनच त्या शौकिनांना मी मोडीत काढणार नाही. कारखान्यांना नको झालेल्या कित्येक जुन्या जाती आज जिवंत आहेत त्या अशा घरामागच्या खोपटांत, निवृत्त कामगारांच्या पेन्शनीवर. दुसऱ्या दिवशी त्या प्रदर्शनात मी गेलो. एका शाळेच्या सभागृहात पिंजऱ्यांच्या रांगा, लाकडाच्या भुशाचा वास आणि शेकडो आवाजांचा कल्लोळ. शेतकरी, ट्रकचालक, एक डॉक्टर, शाळकरी मुली. सगळे एकमेकांना पक्ष्यांवरून ओळखत होते. एखादे चुकीच्या रंगाचे पीस आदल्या रात्री गुपचूप उपटून टाकणे किती सोपे, आणि ते सहसा कोणालाही कळणार नाही. "तसे करणारे आहेत," माझे यजमान म्हणाले, "पण मग बक्षीस कोणाला मिळाले म्हणायचे?" हे वाक्य मी पुढे दोन प्रवचनांत वापरले आहे.

परीक्षकांनी त्यांच्या कोंबड्याला हातात घेतले, पंख उलगडला, काठीने शेपटी सारखी केली आणि ते पुढे गेले. वीस-पंचवीस सेकंद. त्या सेकंदांत मला एक मुलगा आठवला.

2009 च्या सुमारास मी एका गुरुविद्यालयाच्या निवड समितीवर होतो. धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या मुलांची पारख करणे हे आमचे काम. त्या वर्षी आलेला एक मुलगा बुद्धीने मध्यम, वृत्तीने निर्मळ, आणि बोलताना फार अडखळे. धर्मगुरूला वेदीवरून बोलावे लागते. आम्ही पाच जण होतो. पहिला नकार मी दिला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. वडील त्याला न्यायला आले, तेव्हा दारात थांबून एवढेच म्हणाले, "फादर, गाताना तो अडखळत नाही." ते मला ठाऊक होते. चॅपेलमध्ये मी त्याला गाताना ऐकले होते. आमच्या तक्त्यात गाण्याचा रकाना नव्हता.

आमची मोजपट्टी चुकीची होती असे मी आजही म्हणणार नाही. कोठेतरी पट्टी लावावीच लागते. पट्टीशिवाय शाळा चालत नाही, सेमिनरी चालत नाही, आणि मुलीला स्थळ पाहताना आपणही खिशातून ती काढतोच. माझा अपराध वेगळा होता. पट्टी लावून झाल्यावर मी त्या मुलाकडे पुन्हा पाहिले नाही. त्याचे पुढे काय व्हावे, त्या अडखळणाऱ्या आणि गाणाऱ्या मुलाचे भले कशात आहे, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. तो आमच्या मापात बसत नाही एवढे कळल्यावर माझ्या लेखी तो संपला होता. त्याला पत्र लिहावे असे पुढे बऱ्याचदा मनात आले. लिहिले नाही.

प्रदर्शनात आमच्या कोंबड्याला तिसरा क्रमांक मिळाला. शेपटी किंचित मागे झुकली होती म्हणे. त्यांनी चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली, कोंबड्याला वेताच्या पेटीत घातले आणि परतीच्या वाटेवर आम्ही पावसाखेरीज कशावरही बोललो नाही. घरी पोचल्यावर त्यांनी आधी मागचे खोपटे उघडले. आतून एक लांब पायांचा पांढरा कोंबडा तुरुतुरु धावत आला आणि त्यांच्या बुटांची नाडी ओढू लागला. त्याला त्यांनी कधीच कोणत्या प्रदर्शनात नेले नव्हते. त्याच्यासाठी कोटाच्या खिशात पावाचा तुकडा मात्र होता.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही, आणि निघताना तसे सांगितलेही. ते म्हणाले, "हरकत नाही फादर, मलाही सापडलेले नाही."

पुढच्या नाताळात त्यांचे कार्ड आले. आत गिरणीतल्या हिशेबनिसासारख्या नेटक्या अक्षरात लिहिले होते : या वसंतात सर्व जोड्या लांब पायांच्या कोंबड्याशी लावल्या. तांबडे कडे एकाही अंड्यात दिसले नाही. पिल्ले एकतीस, आखूड पायांची पंधरा, लांब पायांची सोळा. शेजाऱ्यांनी चार नेली, शाळेने तीन. उरलेल्यांसाठी खोपटे वाढवतो आहे. प्रदर्शनाला या वर्षी जमणार नाही. खाली ताजा कलम होता : तुमच्या वाडीत दोघांची सोय होईल का?